बसतंय की! मॅगव्हील घेणाऱ्या नवशिक्यांसाठी सचित्र नसलेलं मार्गदर्शन

पाककृतीच्या पुस्तकात आधी साहित्य देतात, मग कृती. आपणही तोच शिरस्ता पाळू.

साहित्य : एक गाडी (हप्ते चालू असले तरी हरकत नाही). चार मॅगव्हीलं, म्हणजे दुकानाच्या पाटीवर ज्यांना ‘अलॉय’ म्हणतात ती. त्यांना शोभतील असे चार टायर. सोळा किंवा वीस नट, गाडीच्या ऐपतीप्रमाणे. आणि एक मेहुणा.

मेहुणा ऐच्छिक आहे असं समजू नका. मेहुण्याशिवाय मॅगव्हील घेतलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. सख्खा मेहुणा नसेल तर मावसभाऊ चालतो, ऑफिसातला ‘गाड्यांमधलं कळणारा’ तो एक सहकारीही चालतो. त्याचं काम फार नसतं. भिंतीवर टांगलेलं चाक खाली उतरवायला लावायचं, गाडीच्या चाकाशेजारी उभं करायचं, चार पावलं मागं जाऊन एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, “दाजी, बसतंय की!”

आता ‘बसणे’ हे मराठीतलं मोठं लबाड क्रियापद आहे. मुलगा परीक्षेला बसतो. घसा बसतो, धंदा बसतो, पावसाळ्यात जुनी भिंत बसते. फटका बसतो, भुर्दंड बसतो. चाक यांतल्या कुठल्या अर्थानं बसणार आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही. ते गाडीत पाच माणसं आणि सामान भरून पहिल्या खड्ड्यात गेल्यावर कळतं.

हे मार्गदर्शन त्याआधी वाचायचं आहे. मी ते नंतर लिहितो आहे.

क्रम चुकवू नका

सर्वप्रथम डिझाइन निवडा. मग रंग : काळा, चंदेरी, किंवा काळ्यावर चंदेरी कड. मग हप्त्याचं विचारा. मग जुन्या डिस्क (म्हणजे मूळच्या रिम) आणि टायर कितीला घेणार ते विचारा. हे सगळं ठरलं, आगाऊ रक्कम देऊन झाली आणि ती परत मिळण्याची आशा संपली, की मगच मापाकडे वळा. अनुभवी माणसं नेमकी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी माप, मग वजन झेपतं का ते, आणि त्यातून जी दोन-तीन डिझाइनं उरतात त्यांतलं एक. त्यांची चाकं तुमच्याइतकी उठून दिसत नाहीत. पण ती घासतही नाहीत.

पुण्यात असाल तर नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. बाकी कुठल्याही तालुक्याच्या बायपासवर टायरची दुकानं ओळीनं सापडतात. दुकानात शिरल्या शिरल्या ‘सतरा इंची दाखवा’ म्हणू नका. ‘पंधरात काय आहे?’ असं विचारा. दुकानदार ‘पंधरात काय मजा नाय, साहेब’ म्हणून स्वतःच सतरा इंची काढेल. तुम्हाला हवं होतं तेच झालं, शिवाय घरी सांगायला ‘दुकानदारच म्हणाला’ हे वाक्य हाताशी आलं. या वाक्याची किंमत बिलात धरलेली नसते.

टायरवरची ओळ

टायरच्या बाजूवर एक ओळ ठसवलेली असते. आमच्या हॅचबॅकच्या टायरवर होती ती अशी : १८५/६५ आर १५ ८८ एच. यातला पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत, तिसरा इंचांत. जमीन गुंठ्यात, सोनं तोळ्यात आणि कापड मीटरमध्ये मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना यात काही वावगं वाटू नये.

१८५ ही टायरची रुंदी. ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जे रबर दिसतं ते. नवशिका पहिला गचका इथंच खातो. त्याला वाटतं, १८५ च्या जागी २०५ घेतला तर टायर नुसता रुंद होईल. पण ६५ हा टक्का आहे. मूळ पगार वाढला की महागाई भत्ता जसा न सांगता वाढतो, तशी रुंदी वाढली की उंचीही वाढते. १८५ चे ६५ टक्के १२० मिलिमीटर होतात, २०५ चे १३३. टायर आडवा वाढायला गेला आणि उभाही वाढला.

‘आर’ म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास. पुढचा ८८ हा वजनाचा संकेत आहे. तो आकडा किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे : ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. तो आपल्याला कामाचा नाही. आपल्या गावात वेग खड्डे ठरवतात.

आता किराणा दुकानाचं बिल घ्या आणि पाठीमागे हिशोब करा. १८५ गुणिले ०.६५, म्हणजे १२०.२५. बाजू वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट : २४०.५. रिमचे १५ इंच गुणिले २५.४, म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिलिमीटर. हा तुमच्या चाकाचा पूर्ण व्यास. तो बायकोच्या वाढदिवसाशेजारी मोबाइलमध्ये साठवून ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ या आकड्याभोवती आहे. रिम मोठी घ्यायची, रबर तेवढंच बारीक करायचं आणि बेरीज होती तिथंच ठेवायची.

कंपन्या स्वतः हेच करतात. स्विफ्टचंच बघा. मागच्या पिढीत स्वस्तातल्या गाडीला १६५/८० आर १४ आणि महागातल्या गाडीला १८५/६५ आर १५ असे टायर यायचे. पहिल्याचा व्यास निघतो ६१९.६, दुसऱ्याचा ६२१.५. पार्किंगमध्ये शेजारी उभ्या केल्या तर एक गरीब आणि एक श्रीमंत वाटते. स्पीडोमीटरला दोघी सारख्याच.

हाच धडा पुढे नेला तर १६ इंचासाठी १९५/५५ आर १६ हा टायर निघतो. व्यास ६२०.९. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तुम्ही इथं थांबणार असाल तर लेख मिटून ठेवा आणि चहा घ्या, तुमचं काम झालं. पण तुम्ही थांबणार नाही. मी थांबलो नव्हतो. मला १७ हवे होते, आणि १७ साठी २०५/४५ निघतो, व्यास ६१६.३. कागदावर हाही ठीक आहे, एक टक्क्याच्या आतला फरक. तीन टक्क्यांच्या आत राहावं असा टायरवाल्यांचा साधारण दंडक आहे.

दंडक मोडून उंच टायर घालणारेही बरेच असतात, ‘खाली लागू नये म्हणून’. त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ चढवला तर व्यास ६४७.५ होतो, चार टक्क्यांनी जास्त. मग मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ नं पळत असते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा १०० ची आहे आणि तिथला कॅमेरा तुमच्या मीटरकडे बघत नाही. शिवाय चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, मीटर मात्र जुन्याच हिशोबानं किलोमीटर मोजतो, म्हणजे अ‍ॅव्हरेज आहे त्याहूनही कमी दिसतं. लहान टायर घातला तर उलट. कोणाची गाडी अचानक ‘बावीसचं देते’ म्हणू लागली, तर अभिनंदन करण्याआधी टायर बघून घ्या.

ही हौस आजची नाही. मारुती ८०० ला कंपनीचा टायर १४५/७० आर १२ असायचा, आणि आमच्या कॉलनीत त्या काळी ज्यांच्या अंगात गाडी भिनलेली होती ते १३ इंची मॅगवर १५५/६५ चढवायचे. व्यास ५०८ चा ५३२ व्हायचा, पावणेपाच टक्के. गाडी खरंच रुबाबदार दिसायची. वळताना पुढून आवाज यायचा, त्याला ते ‘स्पोर्टी’ म्हणायचे.

वजनाचा आकडा मात्र कोणी बघत नाही, आणि माझ्या मते घात तिथं होतो. जुन्या टायरवर ८८ होता. साध्या २०५/४५ आर १७ वर ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. एका टायरमागे ६० किलो कमी, चार टायरांत २४०. म्हणजे रुंद, महाग, चकचकीत टायर घेऊन तुम्ही चार माणसांचं वजन पेलायची ताकद दुकानातच ठेवून आलात. याच मापात ‘एक्स्ट्रा लोड’ लिहिलेला, ८८ वाला टायर मिळतो. तो मागावा लागतो. न मागता तो दाखवत नाहीत, कारण तो थोडा महाग पडतो आणि दिसायला तंतोतंत तसाच असतो.

मोदकपात्र

आता ऑफसेट. इथं बहुतेकांची गाडी अडते, म्हणून मी घरातलं उदाहरण घेतो. हेच उदाहरण का, ते पुढे कळेल.

मोदकपात्र डोळ्यांपुढे आणा. उभं भांडं आणि आत आडवी चाळणी. भांड्याचा तळ आणि झाकण काढून टाका आणि ते आडवं करा, एक तोंड रस्त्याकडच्या बघ्यांकडे, दुसरं गाडीच्या पोटाकडे. हे झालं चाक. चाळणी म्हणजे चाकाचा तो भाग, जो नटांनी हबला आवळला जातो. हब गाडीचा आहे, तो जागचा हलत नाही. म्हणजे चाळणी जागच्या जागी, आणि तिच्याभोवतीचं भांडं कुठं येणार एवढाच प्रश्न.

चाळणी भांड्याच्या बरोब्बर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. बघ्यांच्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट अधिक, आणि भांडं मडगार्डच्या आत जातं. गाडीच्या पोटाकडे सरकलेली असेल तर ऑफसेट उणे, आणि भांडं मडगार्डबाहेर डोकावतं. चाळणी मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे, तो आकडा चाकाच्या पाठीवर ‘ईटी ४५’ असा कोरलेला असतो. ‘ईटी’ हे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचं लघुरूप. दुकानात नुसतं ‘ईटी’ पुरतं, आणि बऱ्याच दुकानांत तेवढीही गरज भासत नाही.

आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. हे उलटं वाटतं आणि परीक्षेत हटकून चुकतं. गृहकर्जाचा दर उतरला की लोक घर बघायला बाहेर पडतात, तसं लक्षात ठेवा.

माझाच हिशोब देतो. जुनी रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५. नवी सात इंच, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर. ती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, १९ आत, १९ बाहेर. त्यात ऑफसेट १० नं उतरला, म्हणजे सगळं चाक आणखी १० बाहेर. बाहेरच्या बाजूला एकूण २९, आतल्या बाजूला ९. २९ मिलिमीटर म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याच्या व्यासापेक्षा थोडं जास्त. ते नाणं टायर आणि मडगार्डच्या कडेमध्ये धरून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याऐवजी मी दहा मिनिटं मेहुण्याला निरनिराळ्या कोनांतून फोटो काढू दिले.

कमी ऑफसेटचे तोटे फक्त घासण्यापुरते नाहीत. चाकाचा भार बेअरिंगपासून लांब जातो, म्हणजे तोच नारळ हात लांब करून धरल्यासारखं. बेअरिंग लवकर कुरकुरतं. एक पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. आणि पावसात चाकावरचा चिखल मडगार्डखाली न राहता थेट दाराच्या हँडलवर येतो. ऑफसेट फार वाढवला तर उलटा त्रास : आतली कड शॉकअब्सॉर्बरला भिडते, आणि तो आवाज काढत नाही, गुपचूप टायर कापतो.

ऑफसेट जमला नाही की दुकानदार स्पेसर काढतो. हब आणि चाकाच्या मध्ये घालायची ही चकती म्हणजे सुताराची पाचर. मोठ्या जाडीचा, स्वतःचे बोल्ट असलेला चांगला स्पेसर मिळतो, नाही असं नाही. पण नुसत्या चकत्या घातल्या की नटाला पकडायला आटे कमी उरतात. १२ मिलिमीटरच्या बोल्टवर नट किमान १२ मिलिमीटर चढला पाहिजे असा साधा हिशोब आहे. मारुतीच्या बारीक आट्यांवर त्याचे साडेनऊ-दहा फेरे होतात. चार फेऱ्यांत नट घट्ट झाला तर तिथंच थांबा, आणि चहाला नाही म्हणून घरी जा.

भोकं

चार नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. मारुतीच्या आणि ह्युंदाईच्या बऱ्याच लहान गाड्यांना ४ × १००. मोठ्या गाड्यांत ११४.३ दिसतो. हा विचित्र आकडा म्हणजे साडेचार इंच. मिलिमीटरच्या वेषात आलेला जुना पाहुणा. चार भोकांच्या चाकावर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजता येतं. पाच भोकांवर समोर भोकच नसतं, तिथं पट्टी मिटवून चाकाच्या पाठीवरचा आकडा वाचावा.

यातला खरा खलनायक ४ × ९८. हे फियाटचं माप. रांजणगावात बनलेल्या पुंतो आणि लिनिआ अजून कितीतरी लोकांकडे आहेत आणि त्यांची चाकं बाजारात स्वस्तात मिळतात. १०० आणि ९८ मध्ये फरक दोन मिलिमीटरचा. थोडं दाबलं, नट जोर लावून फिरवला, की चाक जातं. मेहुणा म्हणतो, बसलं! बसलेलं नसतं, बोल्ट वाकून नाइलाजानं उभे असतात.

मधलं मोठं भोकही मोजायचं. मारुतीच्या हबला ५४.१ मिलिमीटर लागतं, होंडा सिटीला ५६.१. बाजारातली चाकं सगळ्यांना चालावीत म्हणून हे भोक मुद्दाम मोठं ठेवतात, आणि उरलेली फट भरायला एक पातळ कडं मिळतं. ते शे-दोनशेचं कडं न घेता चाक लावलं तर ते केसभर बाजूला बसतं आणि गाडी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरवायला लागते. मग माणूस बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत फिरतो, आणि दोष बॅलन्सिंगचा नसतो.

आणि नट. बाजारातल्या मॅगना निमुळत्या टोकाचे नट लागतात. होंडाच्या कंपनीच्या चाकांचे नट गोलसर बुडाचे असतात. जुने नट नव्या चाकांना वापरून पैसे वाचवायची कल्पना ज्याला सुचते, त्याच्या चाकात नट काठावर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर सैल होतो.

थोडं कायद्याचं

कायद्याचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो वाचून कोणी चाकं घेत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत कंपनीच्या मूळ वर्णनाबाहेर बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. टायर मडगार्डबाहेर आलेली गाडी हवालदाराला लांबून दिसते. चाकांची हौस असते तीच त्यासाठी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा एक स्टिकर असतो, त्यावर मंजूर टायरांची मापं आणि हवेचा दाब छापलेला असतो. त्यातलंच वरचं माप निवडलं तर कुठंही मान खाली घालायची वेळ येत नाही. विमा कंपनीला चाकं बदलल्याचं लेखी कळवा, हेही याच कानानं ऐका.

प्रात्यक्षिक : ताम्हिणी

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही पुण्याहून मुळशीमार्गे सासऱ्यांच्या गावी निघालो. पुढे मी आणि बायको, मागे सासरे, सासूबाई आणि मेहुणा, डिकीत मखर, नारळ, दोन पिशव्या भाजी आणि सासूबाईंचं तांब्याचं मोदकपात्र. चाकं लावून अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांत गाडीत मी एकटाच बसत होतो, ऑफिसला जात होतो, आणि चाकं एकदाही घासली नव्हती. माझं हे सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

पिरंगुट सोडलं नाही तोच मागून आवाज आला. खर्र. गतिरोधक आला, खर्र. मागे तिघं बसल्यावर मागची बाजू खाली आली होती आणि ते २९ मिलिमीटर मडगार्डच्या कडेखाली येऊन प्रत्येक धक्क्याला रबर तासत होते. सासरे म्हणाले, “जावईबापू, काहीतरी जळतंय.” मेहुणा म्हणाला, नवीन टायर आहेत, रुळतील.

घाटात एका वळणावर पाण्यानं भरलेला खड्डा होता. पाणी असल्यानं खोली कळली नाही. जुन्या टायरला खड्डा आणि रिम यांच्यामध्ये १२० मिलिमीटर रबर होतं, नव्याला ९२. ते २८ मिलिमीटर त्या दिवशी हवे होते. डावं मागचं चाक आपटलं, फाट्कन आवाज झाला, आणि मेहुण्याच्या बाजूनं गाडी बसली. शब्दशः.

स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणून सगळं सामान रस्त्यावर उतरवलं. सासूबाई छत्री धरून मखराजवळ उभ्या. मोदकपात्र कठड्यावर आडवं ठेवलं होतं, झाकण नसलेलं, आणि आतली चाळणी एका बाजूला सरकलेली. मी निखळलेल्या मडगार्डकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि ऑफसेट म्हणजे काय ते मला तिथं समजलं. दुकानात पाऊण तास उभं राहून समजलं नव्हतं.

स्टेपनी कंपनीचीच, १६५/८० ची लोखंडी १४ इंची. व्यासात तीन मिलिमीटरचा फरक, चालण्यासारखी. पण नव्या चाकांचे नट चोराला काढता येऊ नयेत असे असतात, बारीक खाचांचे, आणि त्यांना वेगळी चावी लागते. ती चावी पुण्यात, स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याखालच्या खणात होती. चोराला काढता येऊ नयेत हा हेतू मात्र पूर्ण सफल झाला.

पाऊण तासानं एक टेम्पोवाला थांबला. त्यानं नट बघितला, काही बोलला नाही, स्वतःच्या डब्यातून एक जुना, किंचित लहान सॉकेट काढला, हातोडीनं नटावर ठोकून चढवला आणि पाना लावून फिरवला. चारही नट असे काढले. चौथा सॉकेटमध्ये असा रुतला की निघेना, तेव्हा तीन नटांवर, ताशी वीसच्या वेगानं, आम्ही निजामपूरमार्गे माणगावला पोचलो. टेम्पोवाल्यानं पैसे घेतले नाहीत. जाताना एकदा चाकांकडे बघून “भारी आहेत” म्हणाला, ते तेवढं मेहुण्यानं ऐकलं.

सासऱ्यांनी माणगावात चहा पिताना एकच वाक्य उच्चारलं : “आधीची चाकं चांगली होती.” मेहुणा बशीत बघत म्हणाला, “पण बसली तर होती.”

उरलेली कृती

चाकांवर टायर चढवायच्या आधी नुसती रिम हबला लावून बघा आणि हातानं फिरवा. ब्रेकचा कॅलिपर आऱ्यांना लागत असेल तर ते ऑफसेटच्या आकड्यातून कळत नाही, डोळ्यांनीच कळतं. एकदा टायर चढवला की दुकानदार चाक परत घेत नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही. मग टायर लावून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवा. मग मागे तीन माणसं बसवा. दुकानातली पोरं हसत बसतात. त्यांना घेऊन समोरच्या गतिरोधकावरून दोन चकरा मारा. टायरच्या कडेला चघळल्यासारखी रेघ उमटली असेल तर पैसे द्यायच्या आधी उमटलेली बरी.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक छाप असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीच्या टायरांवर तो आधी वाचा. नट गननं ढर्र करून आवळू देऊ नका. टॉर्क पाना मागा, गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, आणि शंभरेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्या. नटांची चावी डिकीत ठेवा. हे वाक्य ठळक छापावं अशी संपादकांना विनंती.

आणि जुन्या डिस्क विकू नका. माळ्यावर टाका, त्यांवर कुंड्या ठेवा, काहीही करा. मी त्या दुकानात दिल्या होत्या आणि पाच आठवड्यांनी त्याच दुकानातून, त्याच चार, दुप्पट पैसे मोजून परत आणल्या.

सतरा इंची चाकं आता विकायची आहेत. सात इंच रुंद, ऑफसेट ३५, ४ × १००, एकाची कड किंचित वाकलेली, नटांची चावी सोबत मिळेल. घेणाऱ्यानं येताना पट्टी आणावी. मेहुण्याला आणू नये.